फटफटीचा रविवार

रविवारी पहाटे पौड रस्त्याच्या कडेस राहणाऱ्या माणसाला गजराच्या घड्याळाची गरज पडत नाही. साडेपाचच्या सुमारास दहा-पंधरा फटफट्या एकामागून एक मुळशीच्या दिशेने निघून जातात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, रस्त्यावरची कुत्री थोडा वेळ त्यांच्या मागे धावतात, आणि मग पुन्हा सामसूम होते. अंथरुणात उठून बसलेली वडील मंडळी म्हणतात, "ह्या पोरांना सुटीच्या दिवशीही झोप म्हणून नाही!" ताम्हिणी घाटात जायचे, टपरीवर चहा घ्यायचा, वाहने ओळीने उभी करून एकमेकांच्या वाहनांभोवती फेऱ्या घालायच्या, आणि ऊन चढण्याच्या आत घरी परतायचे, एवढाच ह्या स्वारीचा कार्यक्रम असतो.

माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात. बँकेत जबाबदारीच्या जागेवर आहेत. बोलणे मोजके, वागणे सौजन्याचे. त्यांच्यापाशी एक जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली तो १९९६ साली बंद पडला, त्यामुळे तिचा एखादा भाग झिजला की तसाच दुसरा हुडकण्यात त्यांचे दोन-दोन शनिवार जातात. संध्याकाळी अंगणात पोते अंथरून ते बसतात, कार्बुरेटर उघडतात, त्यातील केसाएवढ्या भोकांत फुंकर मारतात, आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी हातात पाना धरून शेजारी उभी असते. गेल्या चैत्रात त्यांच्या पत्नी आमच्या घरी हळदीकुंकवास आल्या असता सहज बोलून गेल्या, "वहिनी, आमच्याकडे रविवार येतच नाही हो. तो परस्पर येझदीकडे जातो." बायका हसल्या, त्याही हसल्या. आतल्या खोलीत बसून मी ते ऐकले, आणि ते वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून गेले नाही.

सुटी कोणाची, हा प्रश्न घराघरांत निकालात निघतो किंवा तसाच भिजत पडतो. त्यात बाहेरच्याने तोंड घालू नये. परंतु हाच प्रश्न वाङ्मयालाही विचारता येतो असे मला वाटू लागले, आणि त्या नादात मी तीन इंग्रजी पुस्तके पुन्हा काढून वाचली. तिन्हींत मोटारसायकल आहे आणि तिन्हींत सुटीचा दिवस आहे. जगप्रदक्षिणा करणाऱ्यांची पुस्तके मी मुद्दाम बाजूस ठेवली. टेड सायमन १९७३ साली निघाला तो १९७७ साली परतला; इतका दीर्घ प्रवास करणाऱ्याला सोमवार नसतो, आणि ज्याला सोमवार नाही त्याचा रविवारही खरा नव्हे. मला हवा होता तो पायात दोरी असलेला स्वार. संध्याकाळच्या हजेरीला किंवा सुटी संपताच कामावर ज्याला हजर व्हायचे आहे असा.

तिन्हींपैकी ज्याचा गवगवा फार झाला त्याचा समाचार आधी घेतो. हंटर थॉम्प्सन ह्या अमेरिकन पत्रकाराचे 'हेल्स एंजल्स' हे पुस्तक १९६७ साली निघाले. कॅलिफोर्नियातील एका दांडगट मोटारसायकलस्वारांच्या टोळीबरोबर त्याने बराच काळ घालविला होता, आणि पुस्तकाचा मोठा भाग अशा स्वारांच्या सामुदायिक सहलींनी व्यापला आहे. ह्या सहली निघतात त्या सार्वजनिक सुट्यांना जोडून आलेल्या शनिवार-रविवारी: १९६४ सालच्या सप्टेंबरातील मॉन्टेरेची, १९६५ सालच्या स्वातंत्र्यदिनाची, बास लेक ह्या तलावाकाठची. वर्तमानपत्रांनी ह्या मंडळींची प्रतिमा राक्षसासारखी रंगविली होती. थॉम्प्सन जवळ जाऊन पाहतो तेव्हा बास लेकच्या त्या भयंकर मोहिमेत सर्वांत मोठी अडचण कोणती उभी राहते? बिअर कोठे मिळणार ही! स्थानिक दुकानदार माल देण्यास तयार नाही, आणि ग्रंथकार आपल्या मोटारीतून ती भरून आणण्याच्या खटपटीत गुंतलेला आहे. समाजाने वाळीत टाकलेले आणि समाजाला वाळीत टाकलेले हे वीर सुटीच्या दिवशी शेवटी तळ्याकाठी वनभोजनाला बसतात, हा विनोद थॉम्प्सनने अचूक टिपला आहे. पुस्तकाच्या अखेरीस तो स्वतः रात्री एकटाच, डोक्यावर शिरस्त्राण न घालता, समुद्राकाठच्या रस्त्याने वेडाच्या वेगाने जातो. हा उतारा वाचकांच्या फार आवडीचा आहे. मलाही पहिल्या वाचनात त्याने झपाटले. दुसऱ्या वाचनात मात्र ध्यानात आले की, ह्या स्वाराच्या मागे काहीच नाही. कोणी त्याची वाट पाहत नाही, कोणासाठी तो काही आणत नाही. वेग वाढतो, शब्द वाढतात, आणि रस्ता संपला की मनात वाऱ्याखेरीज काही उरत नाही.

ह्याच्या उलट लॉरेन्सचे उदाहरण आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळणे मला भाग आहे. अरबस्तानात गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सने कर्नलपद आणि कीर्ती दोन्ही टाकून १९२२ साली दुसऱ्याच नावाने इंग्लंडच्या विमानदलात अगदी खालच्या पायरीवर नोकरी धरली, हे पुष्कळांस माहीत आहे. तेथून निघावे लागल्यावर मधली काही वर्षे तो रणगाड्यांच्या पलटणीत होता. १९२५ साली त्याला पुन्हा विमानदलात घेण्यात आले आणि लिंकनशर परगण्यातील क्रॅनवेल येथील विमानशाळेत त्याची नेमणूक झाली. ह्या जीवनावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'द मिंट', म्हणजे टांकसाळ. माणसांचा धातू वितळवून त्यावर एकाच छापाचा ठसा उमटविणारी टांकसाळ. ते सर्वसामान्य वाचकांच्या हाती पडले १९५५ साली, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. पुस्तकाचा पहिला भाग कवायतीने, शिव्याशापांनी आणि अपमानांनी इतका कोंदटलेला आहे की, वाचताना श्वास घुसमटतो. शेवटच्या भागात मात्र एक लहानसे प्रकरण येते. त्याचे नाव 'रस्ता' एवढेच आहे.

कामाचा शेवटचा टोला पडला की हा सैनिक आपली ब्रफ सुपीरियर बाहेर काढतो. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफने बांधलेली ही गाडी त्या काळी जगातील उत्तम गाड्यांत मोडत असे, आणि तिची किंमत साध्या सैनिकाच्या पगाराला मुळीच शोभणारी नव्हती. लॉरेन्सने तिला बायबलातील मेघगर्जनेच्या पुत्रांचे नाव दिले होते: बोअनर्जिस. तिची पहिली डरकाळी उठली की बराकीतील सोबती हेवा आणि अभिमान ह्यांच्या मिश्रणाने तिची थट्टा करतात. कारण गाडी एकट्याची असली तरी तिचा दिमाख साऱ्या छावणीचा आहे. आपल्याकडे चाळीत पहिला रेडिओ आला तेव्हा असेच होत असे.

मग रस्ता सुरू होतो आणि एका विमानाशी शर्यत लागते. शेजारच्या तळावरचे एक ब्रिस्टल फायटर डोक्यावर घिरटी घालते, चालक लिंकनच्या दिशेने बोट दाखवितो, आणि स्वार त्याच्यामागे सुटतो. खड्ड्यांवरून चाके उडतात, तीन खोल चाकोऱ्यांत गाडी शेपूट हलवीत भेलकांडते, तो क्लच सोडवून तिला सावरतो. पुढे नव्या गुळगुळीत रस्त्यावर कानांना काहीच ऐकू येईनासे होते आणि दोघेही नि:शब्दपणे सोनेरी शेतांतून तरंगत जातात. विमानाला तो पुढे जाऊ देतो, पुन्हा गाठतो, पुन्हा मागे टाकतो. इंजिन तापले असेल ह्या शंकेने डाव्या हाताने त्याला तेलाचे दोन घोट जास्त पाजतो. चौदा मैल, पंधरा मिनिटे.

वर्णन अप्रतिम आहे, ह्यात शंका नाही. त्यातील तेलाच्या दोन घोटांचा उल्लेख तर ज्याने गाडी खरोखर चालविली त्यालाच सुचेल. तथापि ह्या भागात लॉरेन्स थोडा मिरवतो, हेही म्हटले पाहिजे. त्याची उपमांची हौस येथे फार वाढते. गाडी कधी कुत्रा होते, कधी पक्षी, कधी जातिवंत घोडा. आणि समोरून येणारी एक मोटार ही शर्यत पाहून जवळजवळ खंदकात उतरते, हे त्याने जाता जाता एका वाक्यात सांगून टाकले आहे. त्या मोटारीत कोण होते, त्यांच्या उरात किती धडकी भरली, हे पाहण्यास त्याला सवड नाही. प्रकरण येथेच संपले असते तर मी ते थॉम्प्सनच्या रात्रीच्या स्वारीशेजारी ठेवून दिले असते.

ते येथे संपत नाही, आणि ह्यातच लॉरेन्सची थोरवी आहे. विमान निरोप घेऊन वळते आणि हा विमानजेता वीर बाजारहाटाला लागतो! लिंकनला बेकन घेतो, तेही असे बेताने कापलेले की एकेका कापाचा हिशेब एकेका पेनीला बसावा. नॉटिंगहॅमला घाऊक व्यापाऱ्याकडून सॉसेज. वाटेवरच्या एका शेतावरून पंधरा अंडी. ती हिसक्यांनी फुटू नयेत म्हणून आत नमद्याची झोळी केलेला डबा त्याने बाळगला आहे. परतताना स्लीफर्ड गावच्या खाटकाने सहा पेन्यांची चरबी बांधून ठेवलेली असते. आठवड्यातून दोनदा, शंभर मैलांचा फेरा. आनंदासाठी आनंद आणि शिवाय उत्तमात उत्तम जिन्नस स्वस्तात स्वस्त. हे सगळे खोगिरामागच्या पिशव्यांत भरून तो बराकीत आणतो, आणि ज्यांनी जाताना थट्टा केली तेच शेकोटीपाशी बसून त्यावर ताव मारणार असतात.

त्या पंधरा अंड्यांनी सबंध शर्यतीला वजन येते. वाचक मागे वळून पाहतो आणि त्याच्या ध्यानात येते की, स्वाराचा आनंद आणि त्याचे ओझे ही एकाच गाडीवर होती. ताशी शंभर मैलांची ओढ असलेल्या माणसाने अंड्यांसाठी नमद्याची झोळी शिवून घ्यावी, ह्या एका तपशिलात त्याचा जेवढा स्वभाव दिसतो तेवढा अरबस्तानावरील त्याच्या जाडजूड ग्रंथाच्या कित्येक पानांत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. 'द मिंट'ची हस्तलिखित प्रत पुरी झाली ती १९२८ साली कराचीत, द्रिघ रोडच्या विमानतळावर. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत होती, म्हणजे हे पुस्तक एका अर्थी आपल्याच अंगणात पुरे झाले. लॉरेन्स १९२७ च्या आरंभी तेथे आला होता. गाडी विलायतेतच राहिली होती, आणि छावणीच्या बाहेर तो क्वचितच पडत असे. सिंधच्या वाळूत बसून, हाताखाली गाडी नसताना, त्याने त्या प्रकरणावर अखेरचा हात फिरविला. ओल्या हिरव्या परगण्यातील ती संध्याकाळ, ते खाटकाचे दुकान, ते अंड्यांचे शेत! भुकेल्या माणसाने पंक्ती आठवाव्यात तसा तो बाजारहाट त्याने आठविला आहे, आणि म्हणूनच त्यात एकेका पेनीचा हिशेब शिल्लक आहे.

तिसरे पुस्तक रॉबर्ट पर्सिगचे, 'झेन आणि मोटारसायकल-दुरुस्तीची कला', १९७४ सालचे. एकशेएकवीस प्रकाशकांनी ते परत पाठविले होते, आणि बाविसाव्या पानापर्यंत वाचून कंटाळणाऱ्या वाचकाला त्यांचा निर्णय अगदीच अन्यायाचा वाटत नाही. लेखक आरंभीच बजावतो की, झेनविषयी ह्या पुस्तकावर विसंबू नये, आणि मोटारसायकलींविषयीही फारसे विसंबू नये. अशी प्रांजळ प्रस्तावना आमच्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथांना जोडता आली तर किती बरे होईल! पर्सिग तरुणपणी काही काळ काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकत होता. हिरोशिमावर पडलेला बॉम्बही मायाच काय, असे त्याने वर्गात विचारले, गुरुजींनी हसून होकार दिला, आणि तो उठून निघून गेला, असा प्रसंग पुस्तकात आहे. त्या होकाराचे उत्तर देण्यासाठी त्याने जणू पुढे आयुष्यभर हातात पाना धरला. पाना हातात असला की जग मिथ्या म्हणता येत नाही, बोटाला लागते.

पुस्तकाचा सांगाडा म्हणजे १९६८ सालच्या जुलैतील सतरा दिवसांची सुटी. संगणकांच्या माहितीपुस्तिका लिहून पोट भरणारा हा गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागच्या बैठकीवर बसवून मिनेसोटाहून पश्चिमेकडे निघतो. बरोबर जॉन आणि सिल्व्हिया हे स्नेही जोडपे दुसऱ्या गाडीवर आहे. पर्सिगची ती तीनशेपाच घनसेंटिमीटरची होंडा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात ठेवलेली आहे. पुस्तकात मात्र ती नवससायास करून ठेवलेली मूर्ती नसून रोजची काळजी मागणारे जनावर आहे. सुटीतली सकाळ, इंजिन अजून थंड, आणि हा माणूस गावच्या रस्त्याकडेला बसून टॅपेटमधील अंतर तपासतो आहे, प्लगवरची काजळी पाहून उंचीवरच्या विरळ हवेचा अंदाज घेतो आहे. ज्याला आपण विश्रांती म्हणतो ती त्याला नको आहे. त्याला हवे आहे असे काम, की जे त्याला कोणी सांगितलेले नाही आणि ज्याची बरोबर-चूक साहेबाच्या मर्जीवर ठरत नाही. झडप बरोबर बसली की बसली. शनिवारी अंगणात पोते अंथरणाऱ्या माझ्या शेजाऱ्याचे कोडे मला प्रथम ह्या पानांवर उलगडले.

जॉनच्या हँडलची गोष्ट तर वाङ्मयातील उत्तम विनोदांत मोडावी. जॉनची गाडी नवी, महागडी, जर्मन बीएमडब्ल्यू. तिचे हँडल ढिले होऊन सरकते. पर्सिग सुचवितो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पातळ पाचर घालू. ह्या धातूला गंज धरत नाही, ह्याहून चांगले काही मिळायचे नाही. जॉनचा चेहरा उतरतो. असल्या गाडीत डब्याचा पत्रा! मागाहून पर्सिग मनाशी म्हणतो, मी गुपचूप तो तुकडा कापून त्यावरचा रंग खरवडला असता आणि हा खास जर्मनीहून मागविलेला शेवटचा नग आहे असे सांगितले असते, तर जॉनने तो आनंदाने बसवून घेतला असता. आपल्याकडे डब्याच्या पत्र्याची ही योजना ऐकून कोणाचाही चेहरा उतरला नसता. कोठल्याही आडगावचा मिस्त्री ह्याहून धाडसी उपाय करतो आणि वर दहा रुपये घेतो.

येथपर्यंत पुस्तक आनंदाचे आहे. पण पर्सिगला व्याख्यान देण्याची हौस आहे. गाडी रस्त्याने चालली आहे आणि मनात ग्रीक तत्त्वज्ञांचा खटला चालला आहे. हे खटले पानेच्या पाने चालतात. ह्या काळात मागच्या बैठकीवरचे पोर काय करीत आहे? त्याचे पोट दुखते, तो रुसतो, रडतो, उगाच हट्ट करतो. बाप थांबतो, समजूत घालतो, आणि पुन्हा ॲरिस्टॉटलकडे वळतो. मोंटानातील बोझमन गावाहून जॉन आणि सिल्व्हिया परत फिरतात आणि पुढे दोघेच उरतात: एक बोलणारा, पण स्वतःशीच, आणि एक ऐकू पाहणारा, ज्याला बापाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. हळूहळू आपणांस कळते की, बापाला पूर्वी वेड लागले होते, विजेचे झटके देऊन त्याची जुनी ओळख पुसण्यात आली होती, आणि मुलगा त्या हरवलेल्या बापाला शोधत इतक्या लांब आला आहे. गाडीची इतकी सूक्ष्म काळजी घेणाऱ्या ह्या माणसाला मागून येणारा हा आवाज शेकडो मैल ऐकू आलेला नाही. तो स्वतःचा हा दोष लपवीत नाही, आणि त्यामुळेच ती व्याख्याने मी त्याला माफ करतो.

शेवटी समुद्राजवळ आल्यावर मुलगा बापाला विचारतो की, तुम्ही खरेच वेडे होता काय. आणि बाप सांगतो, नाही. मग दोघे शिरस्त्राणे काढून टाकतात, मुलगा पायटेकूंवर उभा राहतो, आणि बापाच्या खांद्यावरून त्याला प्रथमच समोरचा रस्ता दिसतो. सबंध सुटीत त्याने तो पाहिलेलाच नव्हता! हे एक चित्र काढण्यासाठी पर्सिगला एवढे जाड पुस्तक लिहावे लागले असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही. पुढील आवृत्तीस जोडलेल्या टिपणात तो सांगतो की, १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला. ते वाचल्यानंतर पायटेकूंवर उभ्या राहिलेल्या त्या मुलाकडे पहिल्याप्रमाणे पाहता येत नाही.

सिल्व्हियाविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. ती बाई पुस्तकाच्या आरंभी समोरून येणाऱ्या मोटारींतील माणसांचे उदास चेहरे पाहून हळहळते. तिची नजर सर्वांत तीक्ष्ण आहे. आणि तरी तिला अर्ध्या पुस्तकात मागच्या बैठकीवरच बसविले आहे. ही उणीव पुढे मेलिसा होलब्रुक पियर्सन ह्या लेखिकेने काही अंशी भरून काढली. १९९७ सालच्या तिच्या पुस्तकात ती स्वतःच इटालियन मोटो गुझी चालविते, आणि शनिवार-रविवारच्या मेळाव्यांत शेकडो मैल जाऊन पोचलेले लोक एकमेकांच्या गाड्यांकडे कसे तासन्‌तास टक लावून पाहतात, ह्याचे तिने प्रेमळ वर्णन केले आहे. रस्त्याची भीती ती मोकळेपणाने कबूल करते, जी पुरुष ग्रंथकारांच्या तोंडून सहसा निघत नाही. पण तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

एखादा वाचक म्हणेल, तुमची ही कसोटी संसारी माणसाची झाली. एकांताचा आनंद तुम्हांस कळत नाही. प्रत्येक स्वाराने पिशवीत अंडी घेऊनच निघावे असा तुमचा आग्रह दिसतो. आक्षेप रास्त आहे. ताम्हिणीच्या वळणावर धुके असता एकट्याने थांबावे, इंजिन बंद करावे, आणि तापलेल्या धातूची टिकटिक ऐकावी, ह्यात जे सुख आहे ते मी जाणतो. तरुणपणी माझ्यापाशीही एक राजदूत होती. परंतु ते सुख कागदावर उतरले की त्याला फार लवकर बुरशी चढते. एकट्या स्वाराचे लेखन दोन पानांतच स्वतःवर भाळू लागते. मागे कोणी बसलेले असले, किंवा घरी कोणी वाट पाहत असले, की लेखकाला आपल्या आनंदाचा हिशेब द्यावा लागतो. आणि ज्याला हिशेब द्यावयाचा आहे तो शब्दांची उधळपट्टी करीत नाही.

लॉरेन्सची अखेरची स्वारी ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९३५ च्या फेब्रुवारीअखेर त्याची नोकरी संपली आणि डॉर्सेटमधील क्लाउड्स हिल ह्या झोपडीवजा घरात तो येऊन राहिला. आता संध्याकाळची हजेरी नव्हती. वाट पाहणारी बराक नव्हती. सगळेच दिवस रविवार झाले होते. ह्या मुक्तीने तो सुखावला नाही, गोंधळला, असे त्याच्या त्या काळच्या पत्रांवरून दिसते. मे महिन्याच्या तेराव्या तारखेस, सोमवारी, तो जवळच्या बोव्हिंग्टन छावणीतील तारघरात गाडीवरून गेला. काम साधे होते. हेन्री विल्यमसन ह्या लेखकाला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवावयास बोलवायचे होते. तार करून परतत असता रस्त्याच्या उंचवट्यापलीकडे सायकलींवर दोन मुले आली. त्यांना चुकविताना तो गाडीवरून फेकला गेला, आणि सहा दिवसांनी, शुद्धीवर न येताच वारला. त्यास तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. त्याने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास चालविला आणि १९४१ साली शिरस्त्राणाच्या उपयोगाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला.

काल शनिवार होता. शेजारचे गृहस्थ अंगणात बसले होते आणि मी कुंपणापाशी उभा राहून त्यांच्याशी ह्या पुस्तकांविषयी बोललो. अंड्यांची गोष्ट त्यांना फार आवडली. त्यांनी हात पुसले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग मुलीला म्हणाले, "चिमणे, आईला विचार बरे, उद्या मुळशीहून काय आणायचे?" मुलगी पाना घेऊनच आत पळाली. आतून उत्तर यायला बराच वेळ लागला.